नौतमभाईंचा हलका पाय

दर पौर्णिमेला द्वारकेहून परतताना उपलेट्याच्या पंपावर तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहत, आणि पंपावरचा माणूस न विचारता टाक्या काठोकाठ भरायला घेई. काठोकाठ म्हणजे नळी आपोआप बंद पडल्यावरही थांबायचं नाही. दोघांनी गाडीला दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं, आत अडकलेली हवा बुडबुडत वर आली की पुन्हा थोडं ओतायचं. निघताना टाकी अशीच भरलेली असे, परतल्यावर अशीच भरायची. जेवढं पेट्रोल मावलं त्याने अंतराला भागायचं. ज्याची गाडी सर्वांत कमी धावली, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना गाठिया, जिलबी आणि तळलेल्या मिरच्या खाऊ घालायच्या. “पुण्याचा हिशेब द्वारकाधीश ठेवील, पेट्रोलचा आपण ठेवू,” असं तिघांतले हिशेब ठेवणारे दामजी मकाडिया म्हणायचे.

नौतमलाल राइचुरांनी एवढ्या वर्षांत कधी कुणाला गाठिया खाऊ घातला नव्हता.

त्यांचा धंदा सुट्या चहाचा. पानेली, भायावदर, जामजोधपूर अशा गावांतल्या दुकानांना चहा पुरवायचा. मागच्या सीटवर नमुन्याचे डबे आणि पुढे स्वतः नौतमभाई, अनवाणी. चपला ते दुकानाच्या पायरीवर सोडून निघत आणि संध्याकाळी तिथेच घालत. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कसं बसायचं, हे एक कारण. पण खरं कारण दुसरं होतं. “पायाला गाडी कळली पाहिजे,” ते म्हणत. “चामड्याच्या आडून काय कळणार? बायकोला हातमोजे घालून हात लावतो का कुणी?” यावर मुक्ताबेन स्वयंपाकघरातून म्हणत, “हात लावायचं सोडा, आधी भाजी आणून द्या.”

त्यांची जुनी करडी गाडी त्यांच्या पायाखाली लिटरला एकवीस किलोमीटर धावे. तशीच गाडी भूपत सुरेजाकडे होती, ती पंधराच्या वर कधी गेली नाही. भूपत तेलगिरण्यांच्या सुट्या भागांचा व्यापारी, सहा फूट उंच, आणि पाय लोखंडी. दामजी म्हणत, “भूपत पॅडल दाबत नाही, विंचू मारतो.” उपलेट्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढ्यांचा डबा आधी देवाला जाई आणि मग नौतमभाईंच्या दुकानात. “काका, एकदा चालवून सांगा ना, कशी चालवू म्हणजे अ‍ॅव्हरेज देईल.” नौतमभाई चपला काढून आत बसत, एक फेरी मारत आणि म्हणत, “हिला तिसऱ्या गिअरमध्ये जास्त बोलू देऊ नकोस.” लोक ते वाक्य मंत्रासारखं घरी नेत.

मग दोनेक वर्षांपूर्वी करडी गाडी उतरायला लागली. एकवीसची एकोणीस झाली, एकोणीसची सतरा. नौतमभाईंनी प्लग बदलले, फिल्टर बदलले, चाकांची हवा रोज सकाळी तपासली. काही फरक पडेना. शेवटी ते जड मनाने म्हणाले, “म्हातारी झाली बिचारी.” वडोदऱ्याहून मुलगा पारस दिवाळीला आला तेव्हा त्याने नवी टर्बोची गाडी दारात आणून उभी केली. करडी गाडी भायावदरच्या एका शिक्षकांना विकली.

नव्या गाडीचं इंजिन लहान, तीन सिलिंडरचं. शोरूममधला विक्रेता, हिरपरा नावाचा, हसतमुख माणूस, त्याने टर्बो समजावून सांगितला होता. “काका, टर्बो म्हणजे जावई समजा. हळू बोललात तर घरच्यासारखा, आहे त्यात भागवतो. जरा आवाज चढवलात की त्याचं ताट वेगळं वाढावं लागतं.” कागदावर एकोणीस किलोमीटर लिहिले होते. नौतमभाई मनात हसले होते. कागदावरचे एकोणीस म्हणजे त्यांच्या पायाखाली बावीस.

पहिल्याच पौर्णिमेला पंपावर तेरा निघाले.

दामजींनी आकडा दोनदा तपासला. भूपतने आपल्या गाडीचं बॉनेट थोपटलं. “अरे बापा! आज माझी पंधरावाली राणी झाली!”

“वारा होता,” नौतमभाई म्हणाले. “जाताना समोरून.”

“वारा काय तुझ्या एकट्याच्या तोंडावर होता? आम्ही काय बोगद्यातून गेलो?”

“तरी मी सांगत होतो, सीएनजी घे,” दामजी म्हणाले. “टर्बोबिर्बो मुंबईवाल्यांना. पण पारस शिकलेला ना.”

सकाळी नौतमभाईंनी गाठिया खाऊ घातला. दुकानदाराने पैसे घेताना चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं, ते त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी सगळं नीट केलं. चहाचे डबे उतरवून ठेवले, एसी बंद ठेवला, मुक्ताबेनना घाम पुसत बसवलं. साडेबारा निघाले. तिसऱ्या पौर्णिमेलाही तसंच. आता गाठियावाला त्यांना येताना पाहूनच जिलबी तळायला टाकायचा.

ते शोरूममध्ये गेले. हिरपराने गाडी तपासून घेतली, काही सापडलं नाही. “काका, गाडी निरोगी आहे. पायाला सवय व्हायला वेळ लागतो. टर्बोला फार हलका पाय लागतो.”

ऐकणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. नौतमभाईंना पाय शिकवायचा?

“तुझ्या जन्माच्या आधीपासून या पायाने मी लोकांच्या गाड्या सुधारल्यात,” नौतमभाई म्हणाले. आवाज चढला होता आणि त्यांना तो थांबवता येत नव्हता. “गाडी खोटी आहे. तुमचा कागद खोटा आहे.”

बाजारात त्यांचंच खरं मानलं गेलं. नौतमभाईंच्या पायाखाली जी गाडी धावली नाही ती कुणाच्या पायाखाली धावणार? दामजींच्या जावयाने तीच गाडी ठरवली होती, त्याने बेत मोडला. आणखी दोघांनी विचार बदलला. हिरपरा एकदा दुकानावरून गेला, नमस्कार केला, पण नेहमीसारखा हसला नाही.

भायावदरचे शिक्षक मात्र एक दिवस चहा घ्यायला आले आणि आनंदाने म्हणाले, “शेठ, तुमच्या गाडीने घर तारलं हो. वीस देते अजून.”

“वीस?” नौतमभाईंनी वजनकाट्यावरून मान वर केली.

“वीसला तोटा नाही. तुम्ही काही करून दिली होती का तिला?”

नौतमभाईंनी चहा बांधून दिला. मास्तरांना मोजता येत नसेल, असं त्यांनी ठरवलं. मग उरलेला दिवसभर ते ठरलेलं पुन्हा पुन्हा ठरवत राहिले.

मुक्ताबेन त्यांच्या शेजारी बसत. गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला नवऱ्याचं चालवणं पाठ झालं होतं. पूर्वी वाटीतला चहा हिंदकळत नसे. आता गाडी अधूनमधून उगाच पुढे उसळे, मग पुन्हा मागे येई. एकदा जामजोधपूरच्या अलीकडे एका रबारी गुराख्याच्या म्हशी रस्त्यावर आल्या. नौतमभाईंनी पाय ब्रेकवर नेला, पण आधी इंजिन भुंकलं, मग गाडी थांबली. पुढची म्हैस गाडीच्या दिव्याला नाक लावून उभी होती. रबाऱ्याने काठी वर केली. “आंधळा झालास का, शेठ?”

“पॅडल विचित्र आहे या गाडीचं,” नौतमभाई म्हणाले. “अगदी जवळजवळ दिलीत दोन्ही.”

“पॅडल?” मुक्ताबेन एवढंच म्हणाल्या. त्यांचा हात अजून समोरच्या फळीवर टेकलेला होता.

त्या उन्हाळ्यात द्वारकेच्या मंदिराचं अंगण तव्यासारखं तापलं होतं. भाविक चवड्यांवर पळत, उड्या मारत, जिथे चटई दिसेल तिथे धाव घेत. भूपत एवढा आडदांड, पण “ए आई, ए आई,” करत नाचत होता. नौतमभाई ध्वजेकडे पाहत, हात जोडून, भर दगडावर शांत उभे होते. जामनगरची एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, “बघ, याला म्हणतात भक्ती. देव ज्याला सांभाळतो त्याचे पाय भाजत नाहीत.” सून वाकून नौतमभाईंच्या पाया पडली. नौतमभाई संकोचले. पण खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं. पंपावर गेलेलं थोडं देवळात परत मिळालं असं वाटलं.

तोडगा काढला तो भूपतने. “एवढी कटकट कशाला? पुढच्या पूनमला गाड्या बदलू. तुझी मी नेतो, माझी तू ने. माझ्या पायाखाली तुझी दहा देईल. मग घेऊन जाऊ त्या हिरपराला पंपावर आणि दाखवू.”

नौतमभाईंना हे पटलं. भूपतची गाडी त्यांच्या जुन्या गाडीची जुळी बहीण होती. तिच्यात टर्बो नव्हता, नाटक नव्हतं. तिला एकवीसपर्यंत नेली की कुणाच्या मनात शंका उरणार नव्हती.

भल्या सकाळी टाक्या हलवून भरल्या आणि निघाले. मुक्ताबेन या वेळी भूपतच्या बायकोबरोबर टर्बोत बसल्या. “तिथे गप्पांना सोबत आहे,” म्हणाल्या. भाणवडच्या पुढे सगळे पाय मोकळे करायला थांबले. रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचं रान होतं. नौतमभाई सवयीप्रमाणे अनवाणीच उतरले, आडोशाला जाऊन आले. मग दर्शन झालं, प्रसाद झाला, परतीचा रस्ता झाला. नौतमभाईंनी सगळ्या वाटेने जीव ओतून गाडी चालवली. एकही गाडी ओलांडली नाही.

पंपावर आधी टर्बो भरली. दामजींनी भागाकार केला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

“सांग की,” भूपत म्हणाला.

“सतरा.”

“कुणाची?”

“तू चालवलीस ती. नौतमची.”

भूपत आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हसू गिळलं. आता त्याची गाडी भरायची होती. पंपावरच्या माणसाने ती हलवली, पुन्हा ओतलं, पुन्हा हलवली. नौतमभाई आकड्याकडे पाहत होते. त्यांना भागाकार करायला दामजी लागले नाहीत, आयुष्यभर हाच भागाकार केला होता. बारा आणि थोडं.

“वारा होता,” भूपत घाईने म्हणाला. “कसला वारा होता आज! नाही का रे दामजी?”

“हो हो, फार वारा,” दामजी म्हणाले.

नौतमभाई आपल्या गाडीकडे गेले. भूपत स्वतःच्या गाडीत बसायला गेला, पाय आत टाकला आणि थबकला. वाकून त्याने पॅडलला बोट लावलं. मग तो नौतमभाईंजवळ आला आणि कधी नव्हे इतक्या हळू बोलला.

“नौतम, पाय दाखव.”

“काय?”

“उजवा पाय वर कर. माझ्या पॅडलला रक्त लागलंय.”

नौतमभाईंनी गाडीला टेकून तळवा वळवला. अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा बोटाच्या पेरभर आत गेला होता. त्याच्याभोवती रक्त वाळून काळं झालं होतं आणि मध्ये अजून ओलं होतं. म्हणजे भाणवडपासून ते द्वारकेपर्यंत आणि द्वारकेपासून इथपर्यंत ते त्या काट्यावर दाबत होते. मुक्ताबेन जवळ आल्या. त्यांनी नखांनी काटा धरला आणि ओढला. नौतमभाई दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे पाहावं तसं पाहत होते.

“दुखलं?” मुक्ताबेननी विचारलं.

त्यांनी तळव्यावर बोट दाबून पाहिलं.

राजकोटच्या डॉक्टरांनी त्यांना पलंगावर निजवून डोळे मिटायला सांगितले. “काका, तळव्याला दोरा लावतो. लागला की सांगा.” नौतमभाई वाट पाहत राहिले. खूप वेळ झाला. “सुरू करा ना, साहेब,” ते म्हणाले.

“झालं, काका,” डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या रक्तात साखर बऱ्याच वर्षांपासून होती. चहाच्या व्यापाऱ्याला चहा गोडच प्यावा लागतो, असं म्हणून ती त्यांनी हसण्यावारी नेली होती. तिने आवाज न करता तळव्यातून वाट काढली होती. “पाय पूर्वीसारखा होईल?” त्यांनी विचारलं. “आहे तो सांभाळू,” डॉक्टर म्हणाले. “अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. अगदी देवळातसुद्धा जाड मोजे. आणि गाडी सध्या बंद.”

परतताना भूपत चालवत होता. गोंडल मागे पडल्यावर तो म्हणाला, “हे बघ, काट्याचं मी आणि दामजी कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी वारा होता, विषय संपला. गाडी खराब आहे हे गावाला ठाऊकच आहे. विकून टाक आणि सीएनजी घे. डॉक्टर काय, ते सगळ्यांनाच बंद सांगतात. गावातल्या गावात हळूहळू चालव. तुझ्या पायाला कोण नाव ठेवणार?”

भूपत प्रेमानेच बोलत होता, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. कुणी नाव ठेवलं नसतं. नौतमभाई खिडकीबाहेर पाहत राहिले. कपाशीच्या शेतांमधून त्यांनी या रस्त्यावर हजार वेळा गाडी चालवली होती. डाव्या सीटवरून तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

पाऱ्यासारखे दिवस गेले, हाताला लागेनात. चहाच्या फेऱ्या बंद होत्या. गावोगावचे दुकानदार फोन करत, “शेठ, कधी येताय?” किल्ली देवघराच्या कोनाड्यात होती. पौर्णिमेच्या सकाळी आंघोळ करून नौतमभाईंनी ती उचलली. मुक्ताबेन दारात उभ्या होत्या, हातात द्वारकेला न्यायची तुळशीची माळ.

“जाऊ या?” ते म्हणाले. “हळू चालवतो. आपण दोघंच.”

मुक्ताबेननी नाही म्हटलं नाही. तेच वाईट झालं. “तुम्ही म्हणाल तर बसते,” त्या म्हणाल्या. “आजवर तुम्ही म्हणालात आणि मी बसले. तुम्ही सांगा, बसू का.”

त्या खरंच येऊन शेजारी बसल्या, माळ मांडीवर घेऊन. नौतमभाईंनी किल्ली लावली नाही. जाड मोज्यातला पाय पुढे केला आणि डोळे मिटले.

“मुक्ता, खाली बघ. पाय पॅडलवर आहे का?”

“नाही.”

“आता?”

“आता ब्रेकवर आहे.”

त्यांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं होतं, पाय अजून हवेत आहे. इंजिन चालू असताना ते आजवर कानाने चालवत होते, आवाज आला की पाय पोचला असं धरून. आणि त्या आवाजासाठी दर वेळी थोडं जास्त दाबत होते. पेट्रोल तिथे जात होतं. जुन्या गाडीचं तिथेच गेलं, नव्या गाडीचं तिथेच. रबाऱ्याची म्हैस तिथेच वाचली होती, थोडक्यात.

ते उतरले. कोपऱ्यावरच्या गाठियावाल्याकडे भूपत आणि दामजी निघण्याआधीचा चहा पीत होते. दामजींचा जावईही होता, आणि बाजारातले चार लोक. नौतमभाईंना मोजे आणि बूट घातलेले पाहून सगळे जरा बघत राहिले.

“गाडी चांगली आहे,” नौतमभाई उभ्या उभ्याच म्हणाले. “सतरा देते. भूपतच्या पायाखाली दिली म्हणजे तुमच्या पायाखाली अठरा देईल. माझ्या पायात जीव राहिला नाही. साखरेने खाल्ला. गाडीबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं.”

गाठियावाल्याने कढईतली जिलबी उलटायची सोडून मान वर केली.

“अरे, काय बोलतोस,” भूपत पुटपुटला. “वारा होता...”

“वारा नव्हता, भूपत. ही किल्ली घे. तूच चालव.” मग दामजींच्या जावयाकडे वळून ते म्हणाले, “हिरपराकडे जाशील तेव्हा मला ने. त्याला मला भेटायचंय.”

कुणी टोमणा मारला नाही. नौतमभाईंना वाटलं, एखादा मारला असता तर बरं झालं असतं. आता त्यांच्या दुकानात पेढ्यांचा डबा घेऊन कुणी येणार नव्हतं.

द्वारकेपर्यंत ते भूपतच्या शेजारी बसले. भूपत भाणवडपर्यंत गाडीपेक्षा स्वतःचा लोखंडी पायच जास्त आवरत होता. प्रत्येक वळणावर नौतमभाईंचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जाई, मुक्ताबेन मागून पाहत होत्या.

मंदिराच्या अंगणात ऊन पसरलं होतं. नौतमभाई जाड मोज्यांत कडेच्या सावलीत उभे राहिले. पुढे उघडा दगड होता आणि त्यापलीकडे काथ्याच्या चटईची पट्टी. लोक येत-जात होते. कुणी धावत होतं, कुणी सावकाश चालत होतं. त्यावरून काही कळेना.

“मुक्ता,” ते हळूच म्हणाले, “दगड तापलाय का?”

मुक्ताबेन खाली वाकल्या, दगडावर तळहात टेकला आणि लगेच मागे घेतला.

“तापलाय.”

नौतमभाईंनी मान हलवली आणि चटईपर्यंतचा तुकडा ते इतर भाविकांसारखेच, घाईघाईने, पाय उचलत उचलत गेले.